फाईल माळ्यावर टाकू नका

श्रोतेहो, नमस्कार. कॅन्सरच्या उपचाराला जत, आटपाडी, तासगावपासून पार कर्नाटकातले पेशंट मिरजेला येतात. ऑपरेशन होतं, शेक म्हणजे रेडिएशन पूर्ण होतं, डॉक्टर म्हणतात, "आता तीन महिन्यांनी दाखवायला या." घरी पेढे वाटले जातात आणि फाईल माळ्यावर जाते. आम्हा नर्स मंडळींना विचाराल तर वयस्कर माणसाची खरी शुश्रूषा इथून पुढे असते, आणि ती घरच्यांनीच करायची असते.

तोंडाच्या कॅन्सरचंच घ्या. तंबाखू आणि मिसरीमुळे असे पेशंट आपल्याकडे पुष्कळ. शेक घेतल्यावर जबडा आखडत जातो, एकदम नव्हे, महिनोन् महिने. आजोबा बोलत नाहीत. भाकरी दुधात कुस्करून खातात, आणि आपण म्हणतो, वय झालं! त्यांना त्यांचीच तीन बोटं एकाखाली एक धरून दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील तर डॉक्टरांना दाखवा. व्यायाम साधा असतो: आईस्क्रीमच्या स्वच्छ लाकडी काड्यांची चळत दातांत धरायची आणि सांगतील तशी एकेक काडी वाढवायची. दिवसातून चार-पाच वेळा, कंटाळा न करता. जबरदस्ती मात्र नको.

शेकामुळे लाळ कमी झाल्याने दातही लवकर किडतात. पण परस्पर दात काढून घेऊ नका. शेक घेतलेल्या जबड्याची जखम भरता भरत नाही, कधी हाडच कुजतं. कित्येक वर्षांनीही ही भीती असते. दंतवैद्याला शेक घेतल्याचं आधी सांगा.

केमोच्या काही औषधांनी तळपाय बधिर होतात. चप्पल अंगणात निसटते आणि आजी तशीच अनवाणी पुढे जाते, तिला पत्ताही नसतो! अशा पायाने उसाच्या रानात जाऊ देऊ नका, खोडक्या लागतात. मागे पट्टा असलेली सँडल घ्या, अंघोळीचं पाणी आपल्या हाताने बघा, रात्री बाथरूमपर्यंत दिवा ठेवा. रोज रात्री तळवे तपासा.

स्तनाच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातावर बीपी, सुई शक्यतो नको. हात जड वाटला, सुजला, तर लगेच दाखवा.

आता हळद. सांगलीची हळद भाजीत खुशाल घाला. पण कुणी पाहुण्याने आणलेल्या हळदीच्या गोळ्या, काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. चालू औषधांशी त्यांचं जमेलच असं नाही.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं. उत्पन्नाची अट नाही. काढलं नसेल तर आधार कार्ड घेऊन काढून टाका.

आणि एक. डॉक्टर विचारतात, "आजी, जेवण जातं का?" आणि उत्तर देतो मुलगा, "सगळं व्यवस्थित आहे." तिला बोलू द्या हो! पुढच्या तारखेआधी तिला काय काय विचारायचंय ते वहीत लिहून घ्या, आणि तपासणीच्या खोलीत ती वही तिच्या हातात द्या.