मुंबईतच घर : आझाद मैदानातला एक दिवस

[परळचं एसटी आगार, पहाट]

एसटी परळला लागते तेव्हा अजून उजाडायचं असतं. काल संध्याकाळी आजऱ्याहून सुटलेली गाडी. उतरणाऱ्यांत नऊ जण गिरणी कामगार, नाहीतर कामगारांचे वारस, मुंबईत घर मागायला आझाद मैदानातल्या आंदोलनाला आलेले. प्रत्येकाच्या काखेत प्लास्टिकची एक फाईल आहे. कपड्यांची पिशवी टपावर गेली तरी चालते, फाईल रात्रभर मांडीवर असते.

पुढं चालतायत ते माझे आजोबा. गावात त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. 1968 साली, एकोणिसाव्या वर्षी ते मुंबईत आले आणि उतरले गावच्या खोलीवर. आमच्याकडच्या कितीतरी गावांची लालबाग-परळच्या चाळींत अशी एकेक खोली होती. दहा बाय बाराची खोली, माणसं वीस-पंचवीस. गिरणीच्या तीन पाळ्या होत्या म्हणून ती पुरायची. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक खानावळीत. वळकट्या भिंतीला, ट्रंका माळ्यावर, भाडं वाटून.

[करी रोडचा पूल, सकाळ]

खोली मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं नव्हे. आधी बदली कामगार. रोज पाळी सुरू व्हायच्या आधी गिरणीच्या दरवाजात उभं राहायचं. कुणी कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागेवर त्या दिवसापुरतं काम. सगळे आले असतील तर परत खोलीवर. अण्णांनी असे तीन वर्षं काढले, मग साचाखात्यात कायम झाले.

साचा म्हणजे माग. अण्णांकडे चार साचे होते. धोटा इकडून तिकडं धावतो, त्याच्या पोटातल्या कांडीचं सूत संपलं की साचा थांबवून कांडी बदलायची. उभ्या ताण्यातली तार तुटली तर ती शोधायची, वहीतून, म्हणजे ताण्याच्या तारा वर-खाली करणाऱ्या चौकटीतून ओढायची, फणीतून काढायची, सांधायची आणि साचा पुन्हा चालू करायचा. हे करताना बाकीच्या तीन साच्यांकडे कान ठेवायचा. कान म्हणजे खरोखर कान. खात्यात एवढा आवाज की शेजारचा माणूस ओठांवरून कळायचा, पण आपल्या साच्याची लय बिघडली की कानाला लगेच लागायचं. अण्णांना आज डाव्या कानानं कमी ऐकू येतं. त्यांच्या वयाचे साचेवाले भेटले की दोघंही मोठ्यानं बोलतात.

पुलाच्या पलीकडं लोअर परळ. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, जुनी चिमणी तेवढी उभी ठेवली आहे. चिमणीखाली अण्णा बराच वेळ उभे होते. या फिल्ममध्ये तो शॉट आम्ही कापलेला नाही.

[जुने फोटो : मोर्चे, लाल बावटे, गिरण्यांचे बंद दरवाजे]

18 जानेवारी 1982. मुंबईतल्या साठाहून जास्त गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. नेते डॉ. दत्ता सामंत. कामगार त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत. मागणी पगारवाढीची होती, बोनसची होती, बदली कामगारांना कायम करण्याची होती. पण मुळाशी होता 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. या कायद्यानं एका उद्योगात एकाच युनियनला वाटाघाटीचा अधिकार. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि कामगार उभा होता डॉक्टरांमागं. ज्याच्यावर अडीच लाख माणसांचा विश्वास, त्याच्याशी बोलायला कायदेशीर वाटच नव्हती. संप चिघळला तो इथं. हे नीट सांगितलं पाहिजे, कारण आजही लोक सहज बोलून जातात की कामगारांनी हट्टानं गिरण्या घालवल्या.

संप मागं घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. माणसं गावाकडं गेली, बायकांनी रोजगार हमीवर दगड फोडले, पोरांच्या शाळा सुटल्या. अण्णांची गिरणी सुटली ती सुटलीच, पुन्हा साच्यावर हात पडला नाही. 16 जानेवारी 1997 रोजी पवईत डॉक्टरांची हत्या झाली.

पण त्याआधीच, 1989 मध्ये, मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली होती. सुरुवातीला मागणी होती, गिरण्या सुरू करा. मग गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न आला. गिरणगावात सुमारे 600 एकर जमीन गिरण्यांच्या ताब्यात होती. 1991 च्या नियमानं तिचे तीन वाटे ठरले. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटे सगळ्या जमिनीचे नाहीत, फक्त मोकळ्या जमिनीचे. जिथं शेड उभी होती, साचे उभे होते, ती जमीन वाटणीतून बाहेर. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हाच अर्थ टिकला. घरांचा वाटा त्या एका दुरुस्तीत आक्रसला. तिथून लढा उरला तो मुंबईतल्या 225 चौरस फुटांच्या घरासाठी.

[आझाद मैदान, दुपार]

आझाद मैदानात एका बाजूला मुलं क्रिकेट खेळतायत. आंदोलकांसाठी आखून दिलेल्या भागात आमचा मंडप, आणि मंडपात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. अण्णा सांगतात, एके काळी या मैदानात बसायला जागा मिळत नसे. आजऱ्याची माणसं कुठली आणि राजापूरची कुठली, ते फलकावरून ओळखायचं. आज आजरा, पाटण, संगमेश्वर, मालवण, सगळे एकाच सतरंजीवर मावलेत.

"कोण म्हणतो देणार नाही?"

"घेतल्याशिवाय राहणार नाही!"

अण्णांची फाईल उघडूया. हे तिकीट. तिकीट म्हणजे गिरणीतला कामगाराचा नंबर. हे ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, कडेला वाळवी लागलेलं. ही पगाराची चिठ्ठी. हा म्हाडाच्या अर्जाचा कागद. गिरणी बंद, तिचं ऑफिस बंद, आणि आपण तिथं कामाला होतो हे सिद्ध करायचं कामगारानं. ज्याचं छप्पर पावसात गळलं, त्याचा पुरावा गेला. शेजारी बसलेल्या मावशींकडे नवऱ्याचं तिकीट आहे, मृत्यूचा दाखला आहे आणि वारसाचा अर्ज आहे. नवऱ्यामागं त्या आठ वर्षं एकट्याच येतायत.

अर्ज आले पावणेदोन लाखांच्या आसपास. पहिली सोडत 2012 मध्ये निघाली, घरं 6,925. 2016 मध्ये पनवेलजवळच्या कोनमधली 2,417. मार्च 2020 मध्ये 3,894. आता सरकार घरं दाखवतं शेलूला आणि वांगणीला, बदलापूरच्याही पुढं. मंडपातल्या फलकावर म्हणूनच एक शब्द मोठ्या अक्षरात रंगवलाय : मुंबईतच.

दत्ता इस्वलकर एप्रिल 2021 मध्ये गेले. अण्णांच्या खोलीतल्या पंचवीस जणांपैकी आज चौघं आहेत, त्यातले दोघं अंथरुणाला खिळलेले.

[जवळून : हात]

दुपारी वारा सुटला आणि फलकाची सुतळी तुटली. तरुण कार्यकर्ता नवी सुतळी आणायला निघाला, तर अण्णा म्हणाले, "थांब रे पोरा." दोन टोकं एकावर एक धरली, अंगठ्याखाली दाबली, एक वेढा, एक ओढ. गाठ बसली. सगळं मिळून दोन सेकंद, आणि त्यांची नजर फलकाकडं होती, हाताकडं नाही. हीच गाठ साच्यावर पाळीत किती वेळा मारायचात, असं मी विचारलं.

"मोजायला येळ कुणाला होता?"

कार्यकर्त्यानं गाठ ओढून पाहिली. मग म्हणाला, "अण्णा, मला दाखवा ना परत." अण्णांनी परत दाखवली, हळू. त्याला जमली नाही. त्यांनी त्याची बोटं धरून दाखवली.

[संध्याकाळ]

शिष्टमंडळ निवेदन देऊन आलं. निवेदन स्वीकारलं, बैठक लावू म्हणाले.

वेळ संपत आली तसं पोलिसांनी मैदान रिकामं करायला सांगितलं. सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, खुर्च्या एकात एक गेल्या. मावशी फलकाचं कापड घडी घालतायत, चार घड्या, मग आणखी एक. अण्णांनी सुतळी सोडली, पण गाठ ठेवली. गुंडाळी करून खिशात घातली. पुढच्या वेळी लागेल म्हणाले.

आजऱ्याची गाडी रात्रीची आहे. फाईल परत काखेत.