सव्वीस कार्बनांची शेपटी

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचपट्ट्या शेजारी शेजारी.)

या माणसाच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी. डावीकडच्या निरोगी आहेत: लांबट, एकाच दिशेला पसरलेल्या. उजवीकडच्या पेशींना सायटोमेगॅलोव्हायरसची बाधा होऊन ७२ तास झालेत. पेशी फुगली आहे. केंद्रक एका बाजूने दबून मूत्रपिंडासारखं वाकलं आहे आणि त्या खोबणीत गॉल्जीच्या पिशव्या गोलाकार गोळा झाल्या आहेत. नवे विषाणू आपलं शेवटचं आवरण इथेच चढवतात.

कांजिण्या आणि नागीण ज्या विषाणूमुळे होतात, त्याच हर्पिस कुळातला हा. भारतात बहुतेकांना त्याची लागण लहानपणीच होऊन जाते आणि कळतही नाही. पण पोटातल्या बाळाला ती झाली तर त्याची श्रवणशक्ती जाऊ शकते. अवयव किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या तर तो जिवावर उठतो.

माणसाला होणाऱ्या हर्पिसविषाणूंत सर्वांत मोठा जीनोम याचा, सुमारे २,३५,००० बेसजोड्यांचा. तरीही त्यात मेदाम्ल तयार करणारं एकही एन्झाइम नाही. आवरणाला लागणारं सगळं लिपिड, म्हणजे मेदाचे रेणू, पेशीकडूनच घ्यायचं. पेशीत जे आहे ते उचलून तो निघून गेला असता, तर हा विषय दोन वाक्यांत संपला असता. तो पेशीकडून वेगळा माल तयार करून घेतो.

(दृश्य: ॲनिमेशन. ग्लुकोजचे कार्बन रंगीत ठिपक्यांनी दाखवलेले.)

२००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठात जोशुआ राबिनोविट्झ आणि थॉमस शेंक यांच्या गटांनी बाधित पेशींना कार्बन-१३ असलेलं ग्लुकोज दिलं आणि तो जड कार्बन कुठे जातो याचा माग काढला. मेदाम्लांकडे जाणारा ओघ वाढलेला दिसला. ग्लुकोजपासून तंतुकणिकेत सायट्रेट बनतं, ते बाहेर येऊन त्याचं ॲसिटिल-कोए होतं आणि ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज हे एन्झाइम त्यापासून मॅलोनिल-कोए बनवतं. एक ॲसिटिल आणि सात मॅलोनिल जोडले की १६ कार्बनांचं पामिटिक आम्ल तयार. लिपिडच्या रेणूला जोडलेली मेदाम्लाची साखळी म्हणजे त्याची शेपटी. निरोगी फायब्रोब्लास्टचं बहुतेक काम १६ आणि १८ कार्बनांच्या शेपट्यांवर भागतं.

बाधित पेशी तिथे थांबत नाही. आंतर्द्रव्यजालिकेवरची इलोंगेज एन्झाइम दर फेरीला दोन कार्बन वाढवत जातात. १६ वरून २६ वर जायला पाच फेऱ्या, ३४ वर जायला नऊ. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत २६ ते ३४ कार्बनांच्या शेपट्या बाधित पेशींत सुमारे आठपट वाढलेल्या आढळल्या. विषाणूच्या आवरणात संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या, लांब शेपट्यांचं प्रमाण त्याहूनही जास्त होतं. या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आमच्या मते ही आठपट.

हुकूम कुठून सुटतो? एसआरईबीपी-१ नावाचं प्रथिन लिपिड बनवणारी जनुकं चालू करतं. पेशीत स्टेरॉल (कोलेस्टेरॉल आणि त्याच्यासारखे रेणू) पुरेसं असलं की ते आंतर्द्रव्यजालिकेवर दावणीला बांधलेलं राहतं. स्टेरॉल घटलं की ते गॉल्जीकडे जातं, तिथे त्याचे दोन छेद होतात आणि सुटलेला तुकडा केंद्रकात शिरतो. सायटोमेगॅलोव्हायरसच्या बाधेत मात्र स्टेरॉल भरपूर असतानाही हे छेद होत राहतात.

(दृश्य: प्रयोगशाळा. बर्फावर ठेवलेली १० सेंटिमीटरची डिश.)

आता हे मोजायचं कसं. पेशी गच्च भरून वाढ थांबली की दर पेशीमागे ३ संसर्गक्षम विषाणू या हिशेबाने बाधा करायची. ३ कशाला? विषाणू पेशींवर योगायोगाने पडतात. दर पेशीला सरासरी १ दिला, तर सुमारे ३७ टक्के पेशी कोऱ्याच राहतात. ३ दिले की ९५ टक्के पेशी बाधित होतात. कोऱ्या पेशी मिसळल्या की आठपटीचा फरक फिका पडतो. सोबत तुलनेसाठी दोन गट हवेतच: नुसतं माध्यम दिलेल्या पेशी, आणि अतिनील किरणांनी निकामी केलेला विषाणू दिलेल्या पेशी. माध्यमातला सीरमही काढायचा. गुरांच्या सीरममध्ये स्वतःचं लिपिड असतं आणि पेशी ते आनंदाने शोषून घेतात.

लिपिड काढण्यासाठी क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी १ : २ : ०.८ या प्रमाणात. हे मिश्रण एकजीव राहतं. मग आणखी क्लोरोफॉर्म आणि पाणी घालून प्रमाण २ : २ : १.८ वर आणलं की दोन थर पडतात. खालचा क्लोरोफॉर्मचा, लिपिड त्यात. मधे प्रथिनांची पांढरी चकती. काचेचा पिपेट चकतीच्या कडेने अलगद खाली न्यायचा आणि चकती न फोडता थर ओढून घ्यायचा. प्लास्टिकची नळी इथे चालत नाही. क्लोरोफॉर्ममुळे तिच्यातून पामिटिक आणि स्टिअरिक आम्ल सुटतं आणि तुमच्याच आकड्यांत मिसळतं. ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घातलेली मानकं, म्हणजे मोजून घेतलेली ओळखीची लिपिडं, काढणीच्या आधी टाकायची. नंतर टाकली तर काढणीत किती वाया गेलं ते कळणारच नाही.

सर्वांत फसवी पायरी भागाकाराची. पेशी फुगते, म्हणून प्रथिनांच्या मिलिग्रॅममागे हिशेब केला की उत्तर चुकतं. डीएनएने भागावं, तर विषाणूचा डीएनएही त्यात भरलेला. जुळ्या डिशमधल्या पेशी मोजून दर पेशीमागे हिशेब करणं, हाच त्यातला भरवशाचा मार्ग.

(दृश्य: वस्तुमान वर्णपटमापकाचा पडदा. ९००.७४ वर शिखर.)

हे शिखर फॉस्फॅटिडिलकोलीन ४४:१ या दोन शेपट्यांच्या लिपिडचं. म्हणजे दोन्ही शेपट्या मिळून ४४ कार्बन आणि एक दुहेरी बंध. पण ४४ म्हणजे २६ अधिक १८ की २२ अधिक २२, हे नुसत्या वस्तुमानावरून सांगता येत नाही. ऋण प्रभारात रेणू फोडावा लागतो. हे पाहा, २८१.२५ वर १८ कार्बनांचं ओलेइक आम्ल आणि ३९५.३९ वर २६ कार्बनांचं संपृक्त आम्ल. आता खात्री झाली.

दुसरा सापळा याहून बारीक. निसर्गातच थोडा कार्बन-१३ असतो. त्यामुळे ३४:१ च्या रेणूची दोन एककं जड प्रत ७६२.५९२ वर येते आणि खरा ३४:० ७६२.६०१ वर. फरक अवघा ०.००९. यंत्राची विभेदनक्षमता कमी असेल आणि यंत्राआधीच्या वेगळं करणाऱ्या स्तंभावर दोघं वेगळे झाले नसतील, तर संपृक्त लिपिड वाढल्याचा भास होतो.

(दृश्य: प्लाक मोजणी. पेशींच्या थरात पडलेली रिकामी वर्तुळं.)

लांब शेपट्या विषाणूला खरंच लागतात का, याची परीक्षा इलोंगेज-७ वर झाली. बाधेत हे एन्झाइम ठळकपणे वाढतं. २०१५ मध्ये आरएनए अडथळ्याने (जनुकाचा संदेश अडवून) ते कमी केलं, तेव्हा बाहेर पडणारे विषाणू घटले. जे पडले त्यांची संसर्गक्षमताही कमी होती. म्हणून अशा प्रयोगात दोन मोजण्या लागतात: पीसीआरने विषाणूचा डीएनए आणि प्लाकने जिवंत विषाणू. एकच केली तर निम्मा परिणाम निसटतो.

औषध म्हणून याकडे पाहताना हात आखडता घ्यावा लागतो. गॅन्सिक्लोव्हिर विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजवर काम करतं, लेटरमोव्हिर त्याच्या टर्मिनेजवर, म्हणजे डीएनए कापून कवचात भरणाऱ्या एन्झाइमवर. दोन्ही लक्ष्यं विषाणूची. ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज मात्र आपलं, आणि यकृताला ते रोज लागतं. २००८ च्या प्रयोगात ते रोखल्यावर विषाणूची वाढ दबली. पण अशा रसायनाची मात्रा ठरवताना तीच मात्रा, तितकेच तास, निरोगी पेशींनाही द्यावी लागते. त्या मरू लागल्या, तर विषाणू घटला हा निष्कर्ष काढता येत नाही.