तहान मारून केलेली ड्युटी

श्रोतेहो, नमस्कार.

2020च्या उन्हाळ्यात करोना कक्षांत काम करणाऱ्या अनेक परिचारिका, डॉक्टर आणि कक्षसेवक पीपीई किट चढवण्याच्या तास-दोन तास आधीच पाणी पिणे थांबवत असत, कारण किट एकदा अंगावर चढले की सहा-सहा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, ना घोटभर पाणी घेता येई, ना लघवीला जाता येई. किट काढताना संसर्गाची भीती सर्वांत जास्त, काढलेले किट पुन्हा वापरता येत नसे आणि सुरुवातीच्या महिन्यांत त्यांचा तुटवडाही होता. त्यामुळे तहान मारणे हा जणू कामाचाच भाग झाला. त्यातच, हवा न खेळणाऱ्या त्या पेहरावात घाम वाळत नाही, घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही आणि शरीर आणखी घाम सोडत राहते. म्हणजे ज्यांना पाण्याची गरज सर्वांत जास्त होती, तेच सर्वांत कमी पीत होते.

शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या अंगातून सव्वा लिटरच्या आसपास गेले, तर डोके जड होते आणि लक्ष लागेनासे होते. सलाईनचे थेंब आणि इंजेक्शनची मात्रा मोजणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नव्हे. तासन्‌तास लघवी रोखल्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो आणि पाणी सतत कमी पडत राहिले तर मुतखडा होण्याची शक्यताही वाढते.

त्याच दिवसांत मोबाइलवर एक संदेश फिरत होता, की दर पंधरा मिनिटांनी घोटभर पाणी प्यायल्यास घशातला विषाणू पोटात जाऊन मरतो. त्याला काडीचाही शास्त्रीय आधार नव्हता. गंमत अशी, की उष्ण जागी कष्टाचे काम करणाऱ्यांना अमेरिकेची राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्था जवळपास तेवढ्याच अंतराने पाणी प्यायला सांगते: दर पंधरा ते वीस मिनिटांनी सुमारे 240 मिलिलिटर, म्हणजे एक पेला. तासाभरात सुमारे 1.4 लिटरपेक्षा जास्त मात्र पिऊ नये, कारण रक्तातील क्षार विरळ झाले तर तेही घातक असते.

रुग्णालयाबाहेरची गोष्ट थोडी निराळी होती. कामाच्या जागेवरचा माठ आणि त्यावरचा सर्वांचा एकच पेला साथीने बाद केला, हे आरोग्याच्या दृष्टीने योग्यच झाले; पण माठाची जागा प्रत्येकाने घरून आणलेल्या बाटलीने घेतली आणि लिटरभराची बाटली वैशाखातल्या उन्हात दुपारपर्यंतही पुरत नाही. 2020च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा दारोदार फिरणाऱ्या आशाताईंपुढे याहून जुना प्रश्न होता. कोणाच्या घरी पाणी मागणे जिवावर येई आणि प्यायले तर स्वच्छतागृह कुठे शोधायचे? बायकांच्या कमी पाणी पिण्याला आपण सहज निष्काळजीपणा म्हणतो. मला तो पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय वाटतो.

1948च्या कारखाने अधिनियमाने पिण्याच्या पाण्याची सोय मालकावर बंधनकारक केली, 250हून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी द्यायला सांगितले. पण पाणी पिण्यासाठी हात मोकळा कधी होणार, हे कामाच्या पाळीचे वेळापत्रक ठरवते. म्हणून साथीत पाळ्या लावणाऱ्यांनी किटमधली पाळी शक्य तितकी आखूड ठेवावी, बदली माणूस वेळेवर पाठवावा आणि किट उतरवल्यावर हात धुऊन, मास्क काढून निवांत पाणी पिता येईल अशी हवेशीर, मोकळी जागा नेमून द्यावी. कामगारांनी पाळीच्या आधी एकदम लोटाभर पाणी न पिता दोन तास आधीपासून थोडे थोडे प्यावे. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे, आणि घाम फार गेला असेल तर पाण्याबरोबर लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा ओआरएस घ्यावे. मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी मात्र पाणी आणि मीठ यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.