उत्तराची चौकट रिकामी राहते तेव्हा

(ई-लर्निंग कोर्स तयार करणाऱ्यांसाठी पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण हिंजवडी-खराडीत बसून चाकणच्या कारखान्यांसाठी सेफ्टीचे कोर्स बनवता. पहिल्या स्लाइडवर आपण नाव विचारतो, शेवटच्या स्लाइडवर ते छापतो. शिफ्ट सुरू व्हायच्या आत कोर्स उरकायचा म्हणून एखादा कामगार नाव न लिहिताच पुढे जातो आणि शेवटी त्याला दिसतं, ‘अभिनंदन, !’ स्वल्पविराम आहे, उद्गारचिन्ह आहे, मधला माणूस गायब. मला हे मनापासून लागतं. तासभर बसून त्यानं कोर्स पूर्ण केला, आणि आपण त्याच्याशी नीट बोललोही नाही.

स्टोरीलाइन या कोर्स बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये याचा साधा उपाय आहे. ट्रिगरच्या (अमुक झालं की तमुक कर, या सूचनेच्या) कंडिशनमध्ये, म्हणजे अटीत, व्हेरिएबल (शिकणाऱ्यानं लिहिलेलं जिथे साठतं ती जागा) निवडायचं आणि तुलनेची किंमत कोरी ठेवायची. स्क्रिप्ट न लिहिता काम होतं, आणि जिथे एवढ्यानं भागतं तिथे स्क्रिप्ट लिहूच नये. पण कुणी स्पेसबार दोनदा दाबला की ही कंडिशन फसते. कॉम्प्युटरच्या लेखी दोन स्पेस म्हणजे दोन अक्षरं. चौकट भरलेली ठरते, डोळ्यांना मात्र रिकामी दिसते.

इथे जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा उपयोगी पडते. ‘गेटप्लेयर’नं प्लेयर, म्हणजे कोर्स चालवणारा भाग, हाताशी घ्यायचा, ‘गेटव्हार’नं मजकूर वाचायचा, ‘ट्रिम’नं दोन्ही टोकांच्या स्पेस काढायच्या आणि लांबी शून्य आहे का ते बघायचं. निकाल ‘सेटव्हार’नं वेगळ्या ट्रू-फॉल्स (फक्त हो किंवा नाही साठवणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. पुढचे सगळे ट्रिगर त्या एकाच व्हेरिएबलला विचारतील. ही तपासणी दहा स्लाइडवर दहा वेळा लिहिली, तर महिन्याभरात त्यातल्या दोन वेगळं वागू लागतात.

एक गोष्ट जपा. व्हेरिएबलचं नाव लिहिताना चूक झाली, तर ‘गेटव्हार’कडून मजकूर येतच नाही, नल किंवा अनडिफाइन्ड, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ अशी खूण, येतं. त्याच्यावर ‘ट्रिम’ चालवलं की स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि शिकणाऱ्याला फक्त बटण दाबून काही होत नाही एवढंच कळतं. आणि घाईघाईत नलचं स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरात, रूपांतर केलं, तर इंग्रजी चार अक्षरांचा ‘नल’ असा शब्दच तयार होतो. तो कोरा नसतो, त्यामुळे प्रमाणपत्रावर थेट छापला जातो. म्हणून आधी नल आणि अनडिफाइन्ड तपासा, मग ट्रिम.

आता मराठी कोर्स बनवणाऱ्यांसाठी खास मुद्दा. ‘ट्रिम’ साध्या स्पेस काढतं, नॉन-ब्रेकिंग स्पेसही काढतं. पण झिरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर ही न दिसणारी अक्षरं ते काढत नाही. काही मराठी कीबोर्डवरून ती येतात, दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरातूनही येतात. त्यामुळे दिसायला कोरी चौकट ‘भरलेली’ निघू शकते. मग ही अक्षरं सरसकट पुसून टाकावीत का? अजिबात नाही. ‘कऱ्हाडकर’ या आडनावातला अर्धा र काही कीबोर्ड जॉइनर वापरून लिहितात. तो पुसलात तर ‘कर्हाडकर’ होतं, आणि माणसाचं आडनाव बिघडवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. तपासणीसाठी मजकुराची प्रत घ्या, त्या प्रतीतून ती अक्षरं काढा, लांबी मोजा. मूळ मजकूर जसाच्या तसा राहू द्या.

यानंतरचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चौकट कोरी आहे हे कळलं. का कोरी आहे? शिकणारा त्या स्लाइडवर पोचलाच नसेल. पोचला आणि जाणूनबुजून सोडून गेला असेल. किंवा त्यानं लिहिलं होतं आणि आपण ते हरवलं असेल. हे तिसरं खरंच घडतं. स्कॉर्म म्हणजे कोर्स आणि एलएमएस (कोर्स दाखवणारी, नोंदी ठेवणारी यंत्रणा) यांच्यातल्या देवाणघेवाणीचं मानक. स्कॉर्म १.२ मध्ये कोर्सची स्थिती जपून ठेवायला सस्पेंड डेटाची मर्यादा ४,०९६ अक्षरांची आहे. लांबलचक उत्तरांचे कोर्स ती ओलांडू शकतात, आणि दुसऱ्या दिवशी परत आलेल्या माणसाला आपलंच उत्तर सापडत नाही. त्याला ‘कृपया उत्तर लिहा’ असं लाल अक्षरांत सांगणं अन्यायाचं आहे.

म्हणून एकाच कोऱ्या व्हेरिएबलवर या तिन्हींचा भार टाकू नका. स्लाइड पाहिली का, यासाठी एक ट्रू-फॉल्स ठेवा. ‘मला उत्तर द्यायचं नाही’ असं बटण द्या आणि त्याची वेगळी नोंद करा. ‘तुमच्या विभागात तुम्हाला कशाची भीती वाटते?’ या प्रश्नावर कुणी गप्प राहिलं, तर ते गप्प राहणं प्रशिक्षण विभागाला कळलं पाहिजे. चौकट भरल्याशिवाय पुढे जाऊच द्यायचं नाही, हा आपला आवडता उपाय. त्यातून माणसं एक टिंब टाइप करतात, आणि हाती येतात ती टिंबं.

नावाच्या बाबतीत तर बहुतेक वेळा विचारायचीच गरज नसते. स्कॉर्म १.२ मध्ये ‘सीएमआय डॉट कोर डॉट स्टुडंट नेम’मधून एलएमएस नाव देतो, आधी आडनाव, स्वल्पविराम, मग नाव. तिथेही ते कोरं असू शकतं, म्हणून अभिवादनाचं पूर्ण वाक्य स्क्रिप्टमध्येच जुळवा. नाव असेल तर ‘अभिनंदन, सुनीता!’, नसेल तर नुसतं ‘अभिनंदन!’ स्लाइडवर फक्त त्या तयार वाक्याचं व्हेरिएबल ठेवा, म्हणजे एकटा स्वल्पविराम मागे राहायला जागाच उरत नाही.

तपासताना एंटर दाबूनही बघा. टेक्स्ट एन्ट्रीचं (लिहायच्या चौकटीचं) व्हेरिएबल साधारणपणे फोकस, म्हणजे टाइप करण्याचा कर्सर, चौकटीबाहेर गेल्यावर बदलतं. बटणावर क्लिक केलं की फोकस आपोआप बाहेर जातो. एंटरवर ट्रिगर लावला असेल, तर फोकस आतच राहू शकतो आणि पूर्ण नाव लिहिलेल्या माणसालाही स्क्रिप्ट कोरा ठरवू शकते.