केळीचं भाडं कोण ठरवतं?

(दृश्य : रावेर स्टेशनचा मालधक्का. गाड्यांमधून उतरणारी केळी, दारं उघडी टाकलेले पार्सल डबे.)

भुसावळहून गाडी खंडव्याकडे निघाली की सावदा, निंभोरा, रावेर अशी स्टेशनं लागतात आणि दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू होतात. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन 2016 मध्ये मिळालं. दिल्लीच्या मंडीला मात्र ही केळी त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती, आणि ती तिथे पोचली रेल्वेनेच.

केळी हिरवी कापतात. कापल्यापासून पिकेपर्यंत मोजके दिवस हातात असतात आणि दिल्ली इथून हजार किलोमीटरच्या पुढे आहे. वाटेत रॅक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी, कुठे बाजूच्या रुळावर पडून राहिला, मे महिन्याच्या उन्हात डबे तापले, की माल गाडीतच पिकायला लागतो. त्यामुळे इथला बागायतदार दोनच गोष्टी विचारतो. डबे कधी मिळणार? आणि भाडं किती?

7 ऑगस्ट 2020 रोजी देशातली पहिली किसान रेल देवळालीहून दानापूरला सुटली. ती जळगाव-भुसावळ करतच पुढे गेली. नंतर रावेर आणि सावद्याहून थेट दिल्लीच्या आदर्श नगरला केळीच्या गाड्या लागल्या. फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात 50 टक्के सवलत होती, म्हणून ट्रकचा हिशेब बाजूला ठेवून माल पुन्हा रेल्वेकडे वळला. सवलत सरकारी निर्णयाने आली होती, ती सरकारी निर्णयानेच थांबली. दोन्ही वेळा बागायतदाराला कुणी काही विचारलं नाही. विचारलंच पाहिजे, असं सांगणारा नियमच आपल्याकडे नाही.

(दृश्य : भुसावळ यार्ड, वरून. मालगाड्यांच्या रांगा.)

भुसावळचं हे यार्ड पाहताना आज वाटतं की रेल्वे म्हणजे कायमचं एकच खातं. खान्देशात तसं नव्हतं. मुंबईकडून आलेली लाइन ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची होती. 1849 च्या करारात या कंपनीला भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी मिळाली होती. धंद्यात खोट आली तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून. 1900 मध्ये दुसरी कंपनी आली, ताप्ती व्हॅली रेल्वे, सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेरपर्यंत. अमळनेर ते जळगाव हा जोड ग्रेट इंडियनचा. म्हणजे खान्देशच्या कापसाला दोन वाटा झाल्या, एक मुंबईची आणि एक सुरतेची.

दोन कंपन्या आल्या म्हणजे भाडं उतरलंच असेल, असं कुणालाही वाटेल. पण त्या काळात देशभरच्या रेल्वे कंपन्यांनी एक युक्ती काढली होती, तिला ब्लॉक रेट म्हणत. माल जवळच्या जंक्शनवर नेऊन दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चढवायचा असेल, तर त्या थोड्या अंतरालाच जबर भाडं लावायचं. व्यापाऱ्याने निमूटपणे पूर्ण प्रवास आपल्याच लाइनने करावा, म्हणून. वाटा दोन असल्या, तरी दुसरीचं दार पहिलीच्या हातात होतं.

या तक्रारी एवढ्या वाढल्या की 1920 मध्ये अ‍ॅकवर्थ समिती नेमावी लागली. भाड्याच्या तक्रारी ऐकायला न्यायाधिकरण असावं, असं तिने सुचवलं. 1925 मध्ये ग्रेट इंडियन सरकारने चालवायला घेतली, 1926 मध्ये भाड्याच्या तक्रारींसाठी सल्लागार समिती आली आणि 1949 मध्ये रेल्वे दर न्यायाधिकरण. ते चेन्नईला होतं; 2017 मध्ये ते रेल्वे दावा न्यायाधिकरणात विलीन झालं.

(दृश्य : रेल्वे कायद्याचं पान. कलम 37 वर हळूहळू जाणारा कॅमेरा.)

आता इथे जरा थांबू, कारण सगळा प्रश्न या पानावर आहे. रेल्वे कायदा 1989. एखाद्या मालाचं भाडं अवाजवी आहे, किंवा एकाला झुकतं माप देऊन दुसऱ्याला डावललं जातंय, अशी तक्रार न्यायाधिकरणाकडे करता येते. मात्र पुढचं कलम 37 सांगतं की काही गोष्टींत या न्यायाधिकरणाला अधिकारच नाही. कोणता माल कोणत्या वर्गात घालायचा, ते नाही. डबे अडकून राहिल्याचा दंड म्हणजे डेमरेज, माल धक्क्यावर पडून राहिल्याचा दंड म्हणजे व्हारफेज, तेही नाही. प्रवासी भाडं नाही. आणि पार्सलचं भाडंही नाही.

किसान रेलमधली केळी पार्सल म्हणूनच जात होती.

म्हणजे रावेरच्या बागायतदाराला पार्सलचं भाडं जास्त वाटलं, तर कायद्याने त्यासाठी ठेवलेलं दार त्याच्यासाठी बंद आहे. पाचोरा-जळगाव अपडाऊन करणाऱ्या नोकरदाराचंही तेच. कोरोनानंतर पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेसच्या दराने धावू लागल्या आणि कमीत कमी तिकीट 10 रुपयांवरून 30 रुपयांवर गेलं. ते खाली यायला फेब्रुवारी 2024 उजाडला. मधल्या काळात निवेदनं दिली गेली, खासदारांना भेटून झालं. पण रेल्वेला समोर बोलावून ‘हे भाडं का?’ असं विचारण्याचा अधिकार असलेली जागा या माणसांना नव्हती. बाजार समितीत माल घेणाऱ्याच्याच हातात काटा द्यावा आणि वजनाची तक्रारही त्याच्यापुढेच करावी, तशी ही व्यवस्था आहे.

विजेचं तसं नाही. महावितरणला दर वाढवायचा असेल तर राज्य वीज नियामक आयोगापुढे जावं लागतं. जनसुनावणी होते, आणि खान्देशातला शेतकरी तिथे उभा राहून आकड्यांवर आक्षेप घेऊ शकतो. त्याचं सगळं मान्य होत नाही, पण उत्तर द्यावं लागतं. आम्हाला रेल्वेकडून निदान एवढं तरी हवं आहे.

मग खासगी गाड्या आणा, स्पर्धा होईल, असं म्हणणारे आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, पण अनुभव काय सांगतो ते पाहावं. 2006 पासून कंटेनर गाड्या चालवायला खासगी कंपन्यांना वाट मिळाली. रूळ रेल्वेचे, इंजिन रेल्वेचं, गाडी ओढण्याचा आकार, म्हणजे शुल्क, रेल्वे ठरवणार, आणि स्पर्धेतली सर्वांत मोठी कंपनी, कॉनकॉर, रेल्वेचीच. वाद स्पर्धा आयोगापर्यंत गेला. रेल्वे मंत्रालय हा उद्योगच आहे आणि त्याला स्पर्धा कायदा लागू होतो, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलं. आयोगाला नियमभंग आढळला नाही, पण मुळात तो आकार कुणी तटस्थाने ठरवावा, हा प्रश्न तिथेच राहिला. 2020 मध्ये 109 मार्गांवर 151 खासगी प्रवासी गाड्यांची योजना आली. निविदा उघडल्या तेव्हा पुढे आलेल्या दोघांपैकी एक आयआरसीटीसी, म्हणजे रेल्वेचीच कंपनी. योजना गुंडाळली गेली. नियम लिहिणाराच समोर स्पर्धक म्हणून उभा असेल, तर कोण पैसे लावील?

(दृश्य : ट्रॅकमन, दुपारचं ऊन, रुळांचे सांधे तपासणारे हात.)

स्पर्धेचं भय बाळगणाऱ्या कामगारांचंही ऐकलं पाहिजे. ब्रिटनने 1993 च्या कायद्याने रेल्वेचे तुकडे केले, रूळ एका खासगी कंपनीकडे दिले. ऑक्टोबर 2000 मध्ये हॅटफिल्डजवळ तडे गेलेला रूळ तुटला, गाडी घसरली, चार जीव गेले. दोन वर्षांत रूळ त्या कंपनीकडून काढून नफा न वाटणाऱ्या संस्थेकडे दिले गेले. खान्देशच्या उन्हाळ्यात रूळ राखणं म्हणजे काय, हे इथल्या ट्रॅकमनला कुणी शिकवायला नको. त्याचं काम ठेक्यावर टाकून स्पर्धा आणू नये, असं आमचंही ठाम मत आहे.

सुरक्षेच्या बाबतीत तर आपण वेगळा तपासनीस केव्हाच मान्य केला. नवीन लाइनवर प्रवासी गाडी सोडायची तर रेल्वे सुरक्षा आयुक्तांची परवानगी लागते, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. रुळाची तपासणी दुसऱ्याने करायची हे पटतं, तर भाड्याची का नाही?

रेल्वे सुधारणांसाठी नेमलेल्या बिबेक देबरॉय समितीने 2015 मध्ये स्वतंत्र नियामक सुचवला. एप्रिल 2017 मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणाला मंजुरी दिली, तीही फक्त सल्ला देण्यापुरती, आणि ते कागदावरच राहिलं. 2025 मध्ये रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली, 1905 चा रेल्वे बोर्डाचा कायदा त्यात विलीन झाला. नियामकाची तरतूद तेव्हाही झाली नाही.

(दृश्य : धुळे-शिरपूर रस्ता. ट्रकची रांग.)

सप्टेंबर 2024 मध्ये मनमाड-इंदूर लाइनला मंजुरी मिळाली. 309 किलोमीटर, 18,036 कोटी रुपये, मालेगाव, धुळे, शिरपूर मार्गे. ती होईल तेव्हा तिच्यावर कोण गाडी चालवील, कोणत्या आकाराने, आणि तक्रार कुठे होईल, हे आजच ठरवता येईल. कलम 37 मधून पार्सल आणि प्रवासी भाडं वगळायला नवं खातं लागत नाही, नवी इमारत लागत नाही. संसदेत एक दुरुस्ती लागते. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या चारही मतदारसंघांचे खासदार तिथेच बसतात.