दुकानाची पायरी ते कर्बचा दगड
(पणजीच्या अठरा जून मार्गावरील लघु माहितीपट : निवेदन)

[दृश्य: सकाळ. सायकलवरून पाव विकणारा पोदेर. अर्धी वर गेलेली शटर्स.]

आठ वाजून गेलेत. पोदेराच्या टोपलीत आता थोडेच पाव, म्हणजे पोळ्या आणि उंडे, उरलेत. कॅफेंमध्ये मिक्स भाजी आणि बनच्या बशा फिरू लागल्यात. अठरा जून मार्गावरची शटर्स मात्र अजून अर्धीच वर आहेत. आत झाडलोट चालली आहे. दुकानातला कचरा पायरीवर येतो, पायरीवरचा फुटपाथवर आणि फुटपाथवरचा गटाराच्या जाळीत. केरसुणीचा हा शेवटचा फटकारा नीट पाहून ठेवा, जुलैत त्याचा हिशेब होणार आहे.

[दृश्य: कदंब बसस्थानक. पाटो पुलावरची गर्दी.]

2011 च्या जनगणनेत पणजी महापालिकेच्या हद्दीत 40,017 माणसे होती. म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को, डिचोलीहून येणाऱ्या बसगाड्या रोज सकाळी जी माणसे इथे उतरवतात, ती या आकड्यात धरलेली नाहीत. कुणाचे सरकारी कचेरीत काम, कुणाचे बँकेत, कुणाला डॉक्टर गाठायचा आहे, कुणाला लग्नाची साडी घ्यायची आहे. काही जण पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसतात. बाकीचे पाटो पूल ओलांडून चालत शहरात शिरतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत गोव्यातल्या 45 टक्क्यांहून अधिक घरांत मोटार आढळली. देशात हे प्रमाण सर्वाधिक. आता मोटारीतून आलेले गिऱ्हाईक असो वा बसमधून उतरलेले, दुकानाचा उंबरठा ते पायीच ओलांडते. मोटारीच्या काचेतून कुणी काजूचा भाव विचारत नाही. तरी रस्त्याचे नियोजन म्हटले की आधी गाडीची जागा मोजली जाते आणि उरलेली चालणाऱ्याच्या पदरात टाकली जाते.

[दृश्य: चर्च चौकातून सांतइनेजकडे जाणारा सरळ रस्ता, गच्चीवरून.]

हा सरळपणा आखलेला आहे. मांडवीच्या काठची ही जमीन मुळात दलदल, खाजन (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन) आणि वाळूचे उंचवटे. 1827 ते 1835 या काळात गोव्याचा कारभार पाहणारे दोम मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रो यांच्या अमदानीत उंचवटे सपाट झाले, दलदली बुजवल्या गेल्या आणि काटकोनात छेदणारे रस्ते आखले गेले. 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. रस्त्याचे आजचे नाव मुक्तीनंतरचे. 18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी नागरी स्वातंत्र्यासाठी सभाबंदी मोडली, त्या दिवसाचे ते स्मरण.

नाव बदलले तरी जमिनीची पातळी होती तिथेच आहे. भराव टाकलेली जमीन सखल, भूजल हातभर खाली. भरतीची वेळ आणि जोराचा पाऊस एकत्र आला की नदीकडे जाणारी गटारे पाणी घेईनाशी होतात. नदीची पातळी गटाराच्या तोंडाच्या वर चढली, तर पाणी जाणार कुठे? ते जाळीतून वर येते. सोबत सकाळचा तो झाडलेला कचराही येतो, कारण आत तोच अडकलेला असतो.

[दृश्य: जुलै. पाण्याखालचा रस्ता. दारापाशी लावलेली फळी.]

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एकदा दुकानात पाणी शिरले की मालक पुढच्या उन्हाळ्यात काय करतो? जोते उचलतो. त्याची चूक काही नाही. कापडाचे ठाण भिजले की ते कुणी घेत नाही.

पण जोते उचलले की पायरी लागते. पायरीची चढण साधारण 15 सेंटिमीटर, पाऊल ठेवायची रुंदी 30. जोते 45 सेंटिमीटरने उचलले तर तीन पायऱ्या. दुकानाच्या आत जागा महाग, म्हणून त्या बाहेर फुटपाथवर उतरतात आणि 90 सेंटिमीटर खातात. भारतीय रस्ते परिषदेची पादचाऱ्यांसाठीची 2012 ची मार्गदर्शिका, आयआरसी 103, बाजारपेठेत चालायला किमान अडीच मीटर मोकळी रुंदी मागते. अडीचातून नव्वद गेले, राहिले एक मीटर साठ. उघडलेली छत्री सुमारे एक मीटरची. समोरासमोर आलेल्या दोन छत्र्या यातून जात नाहीत. एकाला खाली रस्त्यावर उतरावे लागते, आणि तिथे पाणी असते.

[दृश्य: कॅमेरा पायऱ्यांच्या रांगेवरून जमिनीलगत सरकतो.]

ही रांग बघा. एका दुकानाच्या दोन पायऱ्या, शेजाऱ्याच्या तीन, त्यापुढे स्कूटर चढवायला सिमेंटचा तिरका गोळा, पुढे चकचकीत ग्रॅनाइट. ग्रॅनाइट दिसायला झकास, ऑगस्टमध्ये काचेसारखे निसरडे. दगड बाहेर बसवायचाच असेल तर तो पॉलिश केलेला नको, खरबरीत केलेला हवा. खर्चात मोठा फरक पडत नाही, फरक पडतो तो उद्घाटनाच्या फोटोत.

[दृश्य: खांबांची आर्केड. भर पावसात कोरडी माणसे.]

या गोष्टीचे उत्तर याच रस्त्यावर आहे. अनेक इमारतींच्या तळमजल्यावर खांबांची आर्केड ठेवलेली आहे : वर पहिला मजला, खाली चालायची वाट, आणि दुकानाची दर्शनी काच खांबांच्या मागे. पायऱ्या लागल्याच तर त्या खांबांच्या ओळीत, इमारतीच्या स्वतःच्या जागेत बसतात. पाऊस आत येत नाही. एक ते साडेतीन-चार या वेळेत अर्धी पणजी शटर ओढून जेवायला आणि आडवी व्हायला जाते, तेव्हाही सावली राहते. काचेवर ऊन पडत नाही म्हणून साड्यांचा रंग उडत नाही आणि एसीला दम लागत नाही. गिऱ्हाईक पाऊस थांबायची वाट पाहत उभे राहते. उभे राहिले की काचेत बघते. विक्री इथून सुरू होते, हे कुठल्याही जुन्या दुकानदाराला सांगावे लागत नाही.

आर्केड बिघडते कशी, तेही इथेच दिसते. प्रत्येक इमारतीने आपापली जोत्याची उंची धरली, त्यामुळे एका आर्केडमधून दुसरीत जाताना मध्येच एक-दोन पायऱ्या लागतात. कुठे शेजाऱ्यांमध्ये रेलिंग उभे आहे. कुठे खांबांच्या मध्ये इन्व्हर्टरची पेटी, पुतळ्यांचा ताफा, सेलचा फलक. एसीचे बाहेरचे युनिट डोक्याच्या उंचीला टांगलेले, गरम वारा तोंडावर आणि थेंब मानेवर. ते 2.2 मीटरच्या वर जायला हवे आणि पाण्याची नळी थेट गटारात सोडायला हवी, आर्केडच्या फरशीवर नव्हे. चाकाच्या खुर्चीला एकास बारा उतार लागतो. 30 सेंटिमीटरच्या फरकाला 3.6 मीटर लांबीचा रॅम्प. एवढी लांबी इमारत उभी राहिल्यावर सापडत नाही. बांधकाम परवाना देतानाच रस्त्याच्या पातळीपासून आर्केडच्या फरशीची उंची नकाशावर आकड्यात लिहून घेतली, आणि ती सलग सगळ्या इमारतींना एकच ठेवली, तरच ही वाट जोडली जाते.

[दृश्य: खोदलेला रस्ता. पंपाने बाहेर फेकले जाणारे पाणी.]

2016 मध्ये पणजीची स्मार्ट सिटी मिशनसाठी निवड झाली आणि पुढच्या काही वर्षांत शहर उकरले गेले. उकरणे टळणारे नव्हते. आता क्रम पाहू, कारण फुटपाथचे भवितव्य फुटपाथच्या खाली ठरते.

सर्वात खोल जाते मलनिस्सारणाची वाहिनी. ती दाबाने नाही, उताराने चालते, म्हणून तिची खोली आधी ठरवायची. तिच्या वर आणि बाजूला पाण्याची नळी. सर्वात वर विजेचे आणि केबलचे डक्ट. पणजीत चर खणला की पाणी लागते, तेव्हा पंप चालू ठेवूनच काम करावे लागते. नळी बसली की भराव. इथे घाई होते. माती 15-20 सेंटिमीटरच्या थराने टाकायची, ओलावा धरायचा, कंपॅक्टरने ठोकायची आणि मग पुढचा थर. टिपर एकदम उलटा केला आणि वरून रोलर फिरवला तर वरचा वीतभर थर दगडासारखा होतो आणि खाली पोकळी राहते. पहिल्या पावसात पाणी झिरपते, माती बसते, वरचा थर पापडासारखा मोडतो. ट्रकचे चाक रुतलेली दृश्ये या शहराने पाहिली आहेत.

[दृश्य: गटारावर झाकण बसवताना, क्लोज-अप.]

भराव बसला की कडेचे काँक्रीट गटार आणि त्यावर झाकणे. 60 बाय 60 सेंटिमीटरचे, 10 सेंटिमीटर जाडीचे झाकण सुमारे 90 किलोचे होते. दोन माणसांना हुक लावून ते उचलता येते. याहून मोठे घातले तर उपसा करणारे ते उचलत नाहीत, पहारीने कोपरा उचकटतात. कोपरा तुटतो आणि तिथे पाय जातो. लोखंडी जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या टाकल्या की सायकलचे, व्हीलचेअरचे चाक फटीत उतरते. इथे बघा, उभ्याच आहेत.

त्यावर कर्बचा, म्हणजे फुटपाथच्या कडेचा, दगड, 15 सेंटिमीटरहून उंच नको. उंच कर्बवर गाडी चढत नाही खरी, पण म्हातारे माणूसही चढत नाही, ते रस्त्यावरूनच चालते. मग ठोकलेली खडी, वाळूचा पातळ थर आणि पेव्हर, म्हणजे फरशीचे ठोकळे. पायी चालायला 60 मिलिमीटर जाडीचा पेव्हर पुरतो, गाडी जाणार असेल तिथे 80 चा. गटाराकडे उतार पन्नासास एक, म्हणजे दोन मीटरला चार सेंटिमीटर. सांध्यांत कोरडी वाळू भरायची, दोनदा. एक मोटार रोज 60 मिलिमीटरच्या पेव्हरवर चढली तर वाळू निघते, पेव्हर डुगडुगतो, खाली पाणी साठते आणि पाऊल पडले की पिचकारी थेट पँटवर. आंधळ्यांसाठीची पिवळी पट्टी या रस्त्यावर आहे. ती कुठे जाते ते कॅमेऱ्याने टिपले आहे : विजेच्या खांबाला.

खोदकामाच्या काळात धूळ आणि बंद रस्त्यांनी दुकानांचा धंदा बसला, काहींनी गाळे सोडले.

[दृश्य: काजूचे दुकान. उघडी ट्रे. समोर उभी मोटार.]

या दुकानाची ट्रे दाराशी आहे. खारे, मसाल्याचे, सालीसकट भाजलेले, आणि प्रत्येकातला एक दाणा हातावर. चालणारा माणूस इथे अडकतो. पण फुटपाथलगत मोटार उभी आहे, त्यामुळे पलीकडच्याला ट्रे दिसत नाही. एका मोटारीची जागा सुमारे अडीच बाय पाच मीटर, त्यात पाच-सहा स्कूटर मावतात. दिवसभर एकाच जागी उभी राहणारी गाडी पुष्कळदा गिऱ्हाइकाची नसतेच. दुकानाच्या मालकाची असते.

[दृश्य: चवथीच्या आदल्या दिवशी, पणजी मार्केटबाहेर.]

कांगलां, घागऱ्या, माट्टुळी, नागूलकुडा, आंबाडे, तोरिंग, सुपारीचे घोस. सत्तरीकडून, डिचोलीकडून रान तुडवून आणलेले माटोळीचे सामान. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी चौकटीला हे सगळे बांधायचे असते. गोणपाट अंथरून बसलेल्या बाईने वाटे लावलेत. तिची जागा पाहा : साधारण एक मीटर बाय सव्वा मीटर, पाठ रस्त्याकडे, तोंड दुकानांकडे. मधली वाट मोकळी. दोन्ही बाजूंनी विक्री होते आणि चालणारा दोघांनाही बघतो. हीच बाई दुकानाला पाठ लावून बसली असती तर दुकानाची काच झाकली असती, मालकाने तक्रार केली असती आणि नंतर महापालिकेची गाडी येऊन पाट्या उचलून नेल्या असत्या.

2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पुरे होईतो विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे आहे. पणजीच्या जनगणनेच्या आकड्याने हे हजारावर जातात. ते कुठे बसणार, हे नगर पथविक्री समितीने ठरवायचे.

[दृश्य: फुटपाथवर टेप आणि खडूच्या रेघा.]

आखणी अशी होते. कर्बपासून आत एक मीटरची पट्टी झाडे, खांब, बाक आणि विक्रेत्यांसाठी. तिच्या आत अडीच मीटर सलग चालायची वाट, तिच्यात काहीही नाही, पायरीसुद्धा नाही. झेब्रा पट्ट्यांच्या तोंडाशी आणि कोपऱ्यावर विक्रेत्याची जागा धरायची नाही, कारण वळणाऱ्या चालकाला रस्ता ओलांडणारे पोर दिसत नाही. गटाराच्या झाकणावरही नाही, नाहीतर उपसा अडतो. मे महिन्यात रेघा मारून उपयोग नसतो. त्याच सुमारास गटारांचा गाळ काढून त्याच पट्टीवर ढीग घालतात आणि पहिल्या सरीला त्यातला निम्मा परत गटारात जातो. फरशी पुरती कोरडी झाल्यावर, दिवाळीनंतर रंग मारला तर तो पुढच्या चवथीपर्यंत टिकतो.