जहाज धक्क्याला लागतं तेव्हा

ही जी उंच लोखंडी क्रेन दिसतेय ना, जिराफासारखी मान वर करून उभी असलेली, तिला क्वे क्रेन म्हणतात. हिचा बूम, म्हणजे पुढे काढलेला लांब हात, पाण्यावर जवळपास ७० मीटर पुढे जातो. एवढा कशाला, तर आताची सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं ६१ मीटर रुंद आहेत, डेकवर आडव्या एका रांगेत २४ डबे बसतात, आणि समुद्राच्या बाजूचा पार शेवटचा डबा पण ह्याच बाजूने उचलावा लागतो.

कंटेनर वाहतुकीच्या सुरुवातीच्या काळात, २६ एप्रिल १९५६ ला आयडियल एक्स नावाचं जहाज अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं तेव्हा त्याच्यावर ५८ कंटेनर होते. आज ४०० मीटर लांबीच्या एका जहाजात २० फुटी डबे धरले तर २४ हजार मावतात. जहाज कंपनी मोठं जहाज बांधून घेते, तिचा प्रत्येक डब्यामागचा खर्च कमी होतो, पण क्रेन बदला, धक्का मजबूत करा, चॅनल म्हणजे जहाज आत येण्याची वाट खोल करा, यार्ड म्हणजे डबे रचून ठेवायची जागा वाढवा, हे सगळं बंदराच्या गळ्यात पडतं. आणि बंदराला नाही म्हणता येत नाही कारण जहाज मग शेजारच्या बंदरात जातं. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकते, कारण पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न इथूनच सुरू होतात.

क्रेनवरचा ऑपरेटर ४० मीटरच्या वर काचेच्या केबिनमध्ये बसतो, पायाखाली पण काचच, आणि शिफ्टभर मान खाली घालून बघत राहतो. चांगला हात असेल तर तासाला २५-३० डबे काढतो. आता बऱ्याच ठिकाणी हेच काम कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसून होतं, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला तर १९९३ पासून धक्क्यावरून यार्डात डबे नेणाऱ्या गाड्या ड्रायव्हरशिवाय पळतायत. मानेचा त्रास वाचतो हे खरंच चांगलं आहे, पण माणसांच्या नोकऱ्या कमी होतात हेही तितकंच खरं.

क्रेन कितीही फास्ट असली तरी गाडी अडते ती मागे यार्डात. तिथे डबे एकावर एक पाच-पाच रचलेले असतात आणि ट्रकवाल्याला हवा असलेला डबा नेमका सगळ्यात खाली असला की वरचे चार हलवायचे, मग तो काढायचा, आणि हे हलवणं फुकट जातं, त्यात डिझेल मात्र जळतं. रबराच्या टायरवर चालणाऱ्या यार्ड क्रेन, ज्यांना आरटीजी म्हणतात, त्या वर्षानुवर्षं स्वतःच्या डिझेल जनरेटरवर चालत आल्यात. आता त्यांना केबल लावून विजेवर आणतायत, धूर कमी होतो, आवाज कमी होतो, ज्याने त्या यार्डात दिवस काढलाय त्याला हा फरक समजावून सांगायला लागत नाही.

आता जहाजाकडे बघा. धक्क्याला लागलंय, मेन इंजिन बंद आहे, तरी चिमणीतून धूर येतोय. कारण आतले दिवे, पंप, स्वयंपाकघर आणि शेकडो रीफर, म्हणजे थंड माल ठेवणारे डबे, यांना वीज लागते आणि ती जहाजावरच्या छोट्या इंजिनांतून बनते. दिवसरात्र. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातलं गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं, मोठं पाऊल होतं ते, पण बंदराच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाच्या छातीत जाणारा धूर काही त्याने थांबला नाही.

उपाय ऐकायला सोपा आहे, किनाऱ्यावरून वीज द्या आणि इंजिनं बंद करा. स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदराने २००० साली केलं, लॉस एंजेलिसने २००४ ला कंटेनर जहाजांसाठी केलं. मग सगळीकडे का नाही? एक तर बहुतेक मोठ्या जहाजांची वीज ६० हर्ट्झची आणि जगातल्या बऱ्याच देशांची ५० ची, म्हणजे मध्ये ५० चं ६० करणारा भला मोठा कन्व्हर्टर बसवायचा. दुसरं, एकाच जहाजाला सहज एक-दोन मेगावॅट लागतात, अशी चार जहाजं लागली की वेगळं सबस्टेशनच हवं. आणि बंदर म्हणतं जहाजात सॉकेट नाही, जहाजवाले म्हणतात बंदरात प्लग नाही, यातच वर्षं गेली. युरोपात आता नियमच केलाय, २०३० पासून मोठ्या बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांना किनाऱ्याची वीज घ्यावीच लागेल. कोणी म्हणेल ती वीज कोळशाची असली तर काय उपयोग, तर उपयोग आहे, निदान धूर वस्तीला लागून सुटत नाही.

पाण्याखालचं कोणाला दिसत नाही. एवढ्या जहाजाला १६ मीटर पाणी लागतं, आणि नदीच्या मुखावर तर गाळ येतच राहतो, त्यामुळे ड्रेजिंग, म्हणजे तळाचा गाळ उपसणं, कधी संपत नाही. त्या गाळात जुन्या कारखान्यांचे जड धातू असतात, जहाजांच्या जुन्या विषारी रंगाचे अंश असतात, ट्रायब्युटिलटिन नावाचं रसायन होतं त्यात, त्याच्यावर जगभर बंदी लागू झाली २००८ ला. असला गाळ परत समुद्रात टाकता येत नाही. रॉटरडॅमने १९८७ मध्ये त्याच्यासाठी स्लुफ्टर नावाचा प्रचंड खड्डाच बांधला, बाजूने बांध घालून.

आणि वारा. सप्टेंबर २००३ मध्ये मेमी वादळात दक्षिण कोरियातल्या बुसानच्या धक्क्यावरच्या क्रेन आडव्या झाल्या. वादळाची सूचना आली की क्रेन पिन घालून जमिनीला जखडतात, बूम वर करतात, काम बंद.

पाणी चढलं तर मात्र धक्का हलवता येत नाही. रॉटरडॅम शहराला वाचवायला १९९७ पासून दोन अवाढव्य दरवाजे आहेत, एकेक २१० मीटर लांब, उधाण आलं की नदीचं तोंड बंद करतात. पण मासव्लाक्टे, म्हणजे समुद्रात भराव घालून वाढवलेला बंदराचा भाग, तिथली नवीन टर्मिनल त्या दरवाज्यांच्या बाहेर, समुद्राच्या बाजूला आहेत. तिथे भराव घालतानाच जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ५ मीटर उंच ठेवली, कारण एकदा क्रेनचे रूळ, पाइप आणि रेल्वे टाकून झाली की नंतर ती उचलणं जवळपास अशक्य होतं.